मेल्या घोड्याची शेपटी विकत घेणारा राजा

विजयनगरचा साळुव नरसिंह होर्मुझ आणि एडनहून घोडे मागवायचा. जनावर वाटेत समुद्रात दगावलं, तर व्यापाऱ्याने नुसती शेपटी आणून दाखवायची. पैसे जिवंत घोड्याइतकेच मिळत. फर्नांव नुनिश या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने १६व्या शतकात हे लिहून ठेवलंय.

यात खुळेपणा काहीच नव्हता. कृष्णा-तुंगभद्रेमधल्या रायचूर दुआबासाठी विजयनगर आणि बहमनी, नंतर आदिलशाही, पिढ्यान् पिढ्या भिडत होते. व्यापारी नाराज झाला, तर त्याचा माल शत्रूच्या पागेत जाणार!

पण दरवर्षी बाहेरून घोडे आणायची वेळ का यावी? १३व्या शतकाच्या अखेरीस तमिळ देशातल्या पांड्य राजांच्या मुलखात आलेल्या मार्को पोलोच्या मते इथला एकेक राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे घेई आणि वर्षअखेर त्यातले शंभरही उरत नसत. आकडा फुगवलेला असेल. कारणं मात्र पटण्यासारखी आहेत: नालबंद नाहीत, आणि चंदी म्हणून भात नि शिजवलेलं मांस!

घोड्याचं पोट गवतासाठी बनलेलं आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतुमय चारा हळूहळू कुजवतात, त्यातून त्याला ताकद मिळते. भाताचा स्टार्च जास्त झाला की न पचलेला भाग तिथे पोहोचतो, झपाट्याने आंबतो आणि आम्ल वाढतं. मग पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे सुटका नाही. हेच बिघडलेलं पचन पुढे खुरांच्या आतला भागही सुजवतं, आणि ज्याला उभं राहता येत नाही तो घोडा लढाईत काय कामाचा? शिवाय सततच्या ओलीत खूर मऊ पडून कुजतात. त्यात सर्रा हा रोग. चावऱ्या माश्यांमधून रक्तात शिरणारा त्याचा परजीवी घोड्याला ताप आणतो, वाळवतो आणि बहुतेक वेळा मारतो. त्याचा शोध १८८०मध्ये ग्रिफिथ इव्हान्सने पंजाबात लावला. मध्ययुगातल्या मोतद्दाराला तो कळणं शक्यच नव्हतं.

म्हणून बाहेरचे घोडे जिथे उतरत, त्या गोव्याला एवढा भाव. वजीर महमूद गवानने १४७२मध्ये ते बंदर बहमनींसाठी घेतलं, १५१०मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून हिसकावलं, आणि मग विजयनगर नि विजापूर दोघंही घोड्यांसाठी पोर्तुगीजांची मनधरणी करू लागले.

दख्खनमध्ये यावर दुसरा उपायही निघाला, तो पैदाशीचा. भीमा-नीरेच्या काठी देशी तट्टांमध्ये अरबी रक्त मिसळून भीमथडी घोडी तयार झाली: बुटकी, काटक, खडकाळ वाटांवर टिकणारी. मराठ्यांच्या फौजा पुढे त्यांच्याच पाठीवर दूरदूर गेल्या.