टेस्ला रोडस्टर (पहिली पिढी)

टेस्ला रोडस्टर (पहिली पिढी) : लिथियम-आयन बॅटरीवर चालणारी, दोन आसनांची, छत काढता येणारी स्पोर्ट्‌स कार. अमेरिकेतील टेस्ला मोटर्स या कंपनीने २००८ ते २०१२ या काळात तिचे उत्पादन केले आणि तीसहून अधिक देशांत मिळून सुमारे २,४५० गाड्या विकल्या. याच नावाच्या दुसऱ्या गाडीचा नमुना २०१७ मध्ये दाखवण्यात आला. त्या गाडीचा विचार या नोंदीत केलेला नाही. येथे भर आहे तो पहिल्या पिढीच्या जडणघडणीवर आणि अशी गाडी बाळगून चालती ठेवण्यावर.

‘लिथियम-आयन बॅटरीवरची पहिली मोटार’ हे बिरुद या गाडीला सर्रास लावले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. निसान कंपनीने १९९८ च्या सुमारास आल्ट्रा ही लिथियम-आयन बॅटरीची गाडी अमेरिकेत आणली होती. अशा गाड्या दोनशेच्या आसपासच निघाल्या आणि त्या बहुतांशी संस्थांच्या ताफ्यांत गेल्या. मोनाकोतील व्हेंतुरी कंपनीने फेतिश ही विजेवरची स्पोर्ट्‌स कार २००४ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली, पण तीही मोजक्याच संख्येने बनली. तेव्हा सर्वसामान्य ग्राहकाला पैसे मोजून विकत घेता आलेली आणि महामार्गावर चालणारी, हजारांच्या घरात बनलेली अशी पहिली गाडी, एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

उगम : रोडस्टरच्या वंशाविषयी दोन मते आढळतात. ही गाडी म्हणजे इंग्लंडच्या लोटस कंपनीच्या एलिस या स्पोर्ट्‌स कारमध्ये इंजिनाऐवजी मोटर बसवून केलेला बदल होय, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार तिचा खरा पूर्वज म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन डिमास येथील एसी प्रोपल्शन या छोट्या कंपनीची टीझीरो ही गाडी. या कंपनीच्या संस्थापकांपैकी अ‍ॅलन कोकोनी यांनी जनरल मोटर्सच्या इम्पॅक्ट (१९९०) या नमुन्यासाठी इन्व्हर्टर (बॅटरीचा एकदिश प्रवाह मोटरसाठी प्रत्यावर्ती करणारे साधन) घडवला होता. टीझीरो १९९७ मध्ये शिसे-आम्ल बॅटऱ्यांवर धावू लागली. २००३ च्या सुमारास अभियंते व उद्योजक मार्टिन एबरहार्ड यांच्या आग्रहावरून आणि त्यांच्या आर्थिक साहाय्याने तिच्यात लॅपटॉपमध्ये वापरतात तसे सुमारे ६,८०० सेल बसवले गेले. वजन बरेच घटले आणि गाडी शून्यापासून ताशी ९७ किमी. वेग चार सेकंदांच्या आत गाठू लागली. टीझीरोच्या मोजून तीन गाड्या झाल्या. ती मोठ्या प्रमाणावर बनवण्यात एसी प्रोपल्शनला रस नव्हता. एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी १ जुलै २००३ रोजी टेस्लाची नोंदणी केली. इलॉन मस्क २००४ च्या आरंभी मुख्य गुंतवणूकदार व अध्यक्ष म्हणून आले. ‘संस्थापक’ कोणाला म्हणावे यावरून पुढे कोर्टकज्जा झाला आणि २००९ मधील तडजोडीनुसार सुरुवातीचे सहकारी इयन राइट व जे. बी. स्ट्रॉबेल यांच्यासह पाचही जणांना ते बिरुद लावण्याची मुभा मिळाली. टेस्लाने एसी प्रोपल्शनकडून तंत्रज्ञानाचा परवाना घेतला, मात्र तिथले अ‍ॅनालॉग नियंत्रण बाजूला सारून डिजिटल नियंत्रण स्वतः रचले.

लोटसशी करार झाला तो २००५ मध्ये. सांगाडा, निलंबन (सस्पेन्शन), काचा आणि आतला बराच सरंजाम बसवलेली, पण मोटर व बॅटरी नसलेली गाडी इंग्लंडमधील हेथेल येथे तयार होई. अमेरिकेतल्या ग्राहकांच्या गाड्यांची अंतिम जुळणी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे होई. एलिसपेक्षा पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर सुमारे ५ सेंमी. वाढवले होते, दाराखालचा उंबरठा खाली आणला होता आणि वरचे कवच कार्बन-तंतूचे होते. एलिसशी समान असलेले भाग मोजणीने सात टक्क्यांहून कमी आहेत, असे कंपनीने २००८ मध्ये जाहीर केले. अर्थात या मोजणीत एक स्क्रू आणि अख्खा सांगाडा यांचे मोल सारखेच धरले जाते. गाडी पळते ती टीझीरोच्या परंपरेतील यंत्रणेवर, आणि वळते व थांबते ती लोटसच्या परंपरेने, हे मत प्रस्तुत लेखकाला अधिक पटते. मालकाच्या दृष्टीने हा वाद निव्वळ पुस्तकी नाही. लोटसकडून आलेले भाग आजही एलिसच्या विक्रेत्यांकडे शोधता येतात. टेस्लाने स्वतः घडवलेल्या भागांसाठी मात्र मोडीत निघालेली दुसरी रोडस्टर गाठावी लागते.

यंत्रणा : मोटर तीन-फेजची, प्रत्यावर्ती प्रवाहावरची (एसी) प्रवर्तन (इंडक्शन) मोटर असून ती हवेने थंड होते. आरंभीच्या गाड्यांत तिची शक्ती सुमारे १८५ किलोवॅट होती. मिनिटाला १४,००० पर्यंत फेरे घेणाऱ्या या मोटरला मुळात दोन गिअरची पेटी जोडायची होती, पण अशी एकही पेटी टिकाऊपणाच्या चाचणीत उतरली नाही. म्हणून पहिल्या काही गाड्या पेटी दुसऱ्या गिअरमध्ये कायमची अडकवून ग्राहकांच्या हाती दिल्या गेल्या. नंतर मोटरच्या नियंत्रकाची ताकद वाढवून बोर्गवॉर्नरची एकाच गिअरची पेटी (८.२८:१) बसवली गेली आणि जुन्या गाड्याही कंपनीने बदलून दिल्या. शून्य ते ताशी ९७ किमी. हा वेग ३.९ सेकंदांत, तर कमाल वेग ताशी सुमारे २०१ किमी. देखभालीच्या दृष्टीने ही तडजोड वरदान ठरली. क्लच नाही, गिअर बदलणे नाही, झिजायला फारसे काही नाही.

बॅटरी : वजन सुमारे ४५० किग्रॅ., साठा सुमारे ५३ किलोवॅट-तास. तिच्यात ६,८३१ दंडगोल सेल असतात. प्रत्येकाचा व्यास १८ मिमी., लांबी ६५ मिमी., म्हणजे साधारण अंगठ्याएवढा. ६९ सेल समांतर जोडून एक ‘ब्रिक’, ९ ब्रिक एकसर जोडून एक ‘शीट’, आणि अशा ११ शीट एकामागे एक. म्हणजे एकसर साखळीत ९९ ब्रिक येतात. प्रत्येक सेलला दोन्ही टोकांना फ्यूज आहे, शिवाय प्रत्येक शीटला वेगळा फ्यूज आणि निगराणीचा वेगळा फलक (सर्किट बोर्ड). सेलांच्या मधल्या नळ्यांतून पाणी-ग्लायकॉलचे मिश्रण फिरवून तापमान राखले जाते.

या रचनेचा परिणाम समजून घेतल्याशिवाय रोडस्टर सांभाळता येत नाही. एकसर साखळीत सर्वांत दुबळी ब्रिक रिकामी झाली की गाडी थांबवावी लागते, बाकीच्या ९८ मध्ये वीज शिल्लक असली तरी. ब्रिकमधला एखादा सेल आतून गळू लागला, तर तो शेजारच्या ६८ सेलांनाही हळूहळू रिकामे करतो. स्वतंत्र कार्यशाळांतील कारागीर अशा वेळी बॅटरी उतरवतात, दोषी शीट बाहेर काढतात, ब्रिकमधला गळणारा सेल हुडकतात आणि त्याची फ्यूज-तार कापून त्याला वेगळा पाडतात. ६९ ऐवजी ६८ सेल उरतात; त्या ब्रिकची क्षमता जेमतेम दीड टक्क्याने घटते आणि गाडी पुन्हा चालती होते. अख्खी बॅटरी बदलण्याच्या खर्चापुढे हे काम फारच स्वस्त पडते. मात्र चारशे व्होल्टच्या जवळपास विद्युत्‌ दाब असलेल्या या पेटीला प्रशिक्षणाशिवाय हात लावणे जिवावर बेतू शकते.

मालकी व देखभाल : जुनी पेट्रोलची गाडी टाकी रिकामी करून, ठोकळ्यांवर चढवून, वर्षभर झाकून ठेवता येते. रोडस्टर तशी ठेवता येत नाही. गाडी उभी असतानाही निगराणीचे फलक वीज खात असतात. प्लग न लावता ठेवली, तर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत बॅटरी पूर्ण रिती होऊ शकते. सेलचा विद्युत्‌ दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि नंतर चार्ज करताना तेच तांबे भलत्या ठिकाणी साचून आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. अशी बॅटरी परत येत नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत या प्रश्नाचा बराच गवगवा झाला. नव्या बॅटरीचा खर्च तेव्हा ४०,००० डॉलरच्या घरात सांगितला जात असे. अशा निकामी बॅटरीलाही इंग्रजी बोलीत ‘ब्रिक’ म्हणतात, त्यामुळे वर आलेल्या ६९ सेलांच्या ब्रिकशी तिची गल्लत होते.

म्हणून पहिला नियम असा की गाडी घरी असेल तेव्हा तिचा प्लग लावलेला असावा. चार्जिंगच्या चार पद्धती आहेत : स्टँडर्ड, रेंज, परफॉर्मन्स आणि स्टोरेज. रोज स्टँडर्ड, लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री रेंज, महिनाभर गावाला जायचे असेल तर स्टोरेज, हा जाणत्या मालकांचा रिवाज. रेंजमध्येही सेल ४.२ ऐवजी ४.१५ व्होल्टपर्यंतच भरले जातात. एवढ्याशा फरकाने त्यांचे आयुष्य पुष्कळ वाढते. उन्हाळ्यात मध्यरात्री बंद गॅरेजमधून पंपाची घरघर आणि कॉम्प्रेसरचा आवाज येऊ लागतो, तेव्हा नवा मालक दचकतो. तो बिघाड नव्हे, गाडी आपली बॅटरी थंड करत असते. हा आवाज येईनासा झाला तर मात्र तपासणी करून घ्यावी.

मागच्या बाजूला सामानाच्या जागेपुढे नियंत्रक-पेटी असते. इन्व्हर्टर आणि चार्जर दोन्ही तिच्यातच. तीही हवेने थंड होते, आणि पंख्याने ओढलेली धूळ व पाचोळा तिच्या पंखांसारख्या पातळ पत्र्यांत साचतो. गाडी जोरात चालवताना शक्ती कमी केल्याची सूचना वारंवार दिसू लागली, की आधी ही पेटी उघडून स्वच्छ करावी. मोटरकडे नंतर वळावे. वार्षिक तपासणीतले हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. ब्रेक फार झिजत नाहीत, कारण पाय उचलताच मोटर जनित्र होऊन गाडीचा वेग कमी करते. मागचे टायर मात्र लवकर जातात. अपघातात अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा दुखावला, तर ते प्रकरण अवघड असते : त्याचे भाग इपॉक्सीने चिकटवलेले असल्याने तो ठोकून सरळ करता येत नाही.

चार्जिंगची जोडणी या गाडीपुरतीच वेगळी आहे. अमेरिकेत २४० व्होल्ट, ७० अँपिअरपर्यंत वीज घेऊन ती सुमारे चार तासांत भरते. घरातल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर एक दिवसाहून जास्त लागतो. टेस्लाच्या पुढील गाड्यांसाठी उभारलेली जलद चार्जिंग केंद्रे हिला उपयोगी पडत नाहीत. बाहेरच्या जोडण्यांसाठीचे अडॅप्टर आणि मोबाइलवर बॅटरीची स्थिती कळवणारी ‘ओपन व्हेइकल्स मॉनिटरिंग सिस्टीम’ ही साधने मालकांनी स्वतःच विकसित केली. कंपनीने मागे ठेवलेली उणीव ग्राहकांनी इतक्या चिकाटीने भरून काढल्याची उदाहरणे मोटारींच्या इतिहासात थोडीच आहेत, आणि त्याची नोंद आवर्जून घ्यायला हवी.

बॅटरीच्या आयुष्याबद्दलची सुरुवातीची भीती बरीचशी अनाठायी ठरली. प्लग इन अमेरिका या संस्थेने २०१३ मध्ये मालकांकडून गोळा केलेल्या आकड्यांवरून, एक लाख मैलांनंतर (सुमारे १,६१,००० किमी.) सरासरी ८० ते ८५ टक्के क्षमता उरेल असा अंदाज केला. वापराइतकेच वयही सेलना झिजवते, हे पुढे स्पष्ट होत गेले. २०१४ च्या डिसेंबरमध्ये टेस्लाने सुमारे ७० किलोवॅट-तासांची नवी बॅटरी जाहीर केली. तिचे सेल एलजी केम कंपनीचे असून बसवण्याचा खर्च २९,००० डॉलर होता. जानेवारी २०१५ मध्ये अशा सुधारित गाडीने सॅन होजेहून लॉस अँजेलिसपर्यंतचा सुमारे ५४५ किमी.चा प्रवास एका चार्जमध्ये केला. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच किलोमीटरच्या आकड्यापेक्षा बॅटरी कोणती, तिची मोजलेली क्षमता किती अँपिअर-तास आणि ब्रिकांमधला दाबाचा फरक किती, हे आधी पाहावे. गाडी स्वतःच्या नोंदी ठेवते आणि त्या उतरवून घेता येतात.

उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाड्या २०१० पासून ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग येथे गेल्या. भारतात रोडस्टरची अधिकृत विक्री कधी झाली नाही. टेस्लाचे देशातील पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले ते जुलै २०२५ मध्ये, दुसऱ्याच गाडीसाठी. मस्क यांची स्वतःची रोडस्टर ६ फेब्रुवारी २०१८ रोजी फाल्कन हेवी अग्निबाणातून सोडण्यात आली व सूर्याभोवती फिरत आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये टेस्लाने आपल्याजवळची रोडस्टरची सेवा-पुस्तके, विद्युत्‌ मंडलांच्या आकृत्या आणि फलकांचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. निगराणीचा एखादा फलक जळाला तर तो आता आराखड्यावरून नव्याने बनवून घेता येतो.