मरायचं नाव न घेणाऱ्या पेशी

जुळे सोलापुरातली माझी मावसबहीण दहावीपासून पाळीचे पहिले दोन दिवस अंथरुणातून उठायची नाही, आणि मावशीचं ठरलेलं, अगं सगळ्यांनाच दुखतं, ओवा खा नि पड. तिशीत सोनोग्राफी झाली, अंडाशयात चॉकलेट सिस्ट निघाली, तेव्हा कुठे एन्डोमेट्रिओसिस हा शब्द घरात आला, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. (चॉकलेट कसलं डोंबलाचं, साठून काळपट झालेलं जुनं रक्त असतं ते.)

मी वाचायला लागले तर कळलं की भानगड पेशींच्या मरणाची आहे. आपल्या पेशी वेळ झाली की स्वतःहून आवरतं घेतात, आक्रसतात, डीएनएचे तुकडे करतात, बारक्या पुड्या होतात आणि बाकीच्या पेशी त्या गिळून टाकतात, सूज नाही की गाजावाजा नाही. याला अपॉप्टोसिस म्हणतात, नाव पडलं १९७२ ला. गर्भाशयाच्या अस्तरात दर महिन्याला हेच चालतं, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरलं की अस्तर गळतं आणि पाळी येते.

आता त्यातलं थोडं रक्त, अस्तराच्या पेशींसकट, गर्भाशयाच्या नळ्यांमधून उलटं पोटात जातं. सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२७ मध्ये आजाराचं कारण हेच सांगितलं, पण असं उलटं रक्त बहुतेक बायकांच्या पोटात जातंच की, मग आजार साधारण दहातल्या एकीलाच का?

खरं तर जागेवरून सुटलेल्या पेशीने मरायचंच असतं. त्या मरणालाही वेगळं नाव आहे, अनॉइकिस, मूळ ग्रीक शब्दात बेघर होण्याचा अर्थ आहे. या आजारात मात्र बेघर पेशी मरायचं नाव घेत नाहीत. मरण अडवणारं बीसीएल-२ प्रोटीन त्यांच्यात जास्त सापडतं, मरणाकडे ढकलणारं बॅक्स कमी. पोटातल्या पहारेकरी एनके पेशी ढिल्या पडलेल्या, आणि साफसफाई करायची त्या मॅक्रोफेज पेशी उलट यांनाच नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, म्हणजे कुंपणच शेत खातंय.

त्यात इस्ट्रोजेन, या पेशींना वाढवणारं हार्मोन. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी म्हणून लोक दारात बोअर मारतात ना, तसं या पेशी अरोमाटेज एन्झाइम वापरून आपलं इस्ट्रोजेन आपणच बनवतात, नुसत्या अंडाशयाच्या भरवशावर राहत नाहीत. वर प्रोजेस्टेरॉनने थांब म्हटलं तरी नीट ऐकत नाहीत.

जुन्या रक्तातलं लोह साठतं, त्याने खरं तर पेशीच्या आवरणातली चरबी सडून ती मरायला हवी, या मरणाला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस नाव मिळालं. यातूनही बऱ्याच पेशी तगतात. आणि लॅबमध्ये तर असंही दिसलंय की ज्या मरतात त्या जाताजाता रक्तवाहिन्या वाढवणारी प्रोटीन सोडून जातात!

हा कॅन्सर नाही, पण चिवटपणा तसलाच. सॅम्पसनच्या थिअरीने सगळं सुटतं असंही नाही, क्वचित फुप्फुसातही हे टिश्यू सापडतात, तिथे नळीतून कसं जाणार?

बहिणीला डायनोजेस्ट चालू आहे. या गोळीने अंडाशयातलं इस्ट्रोजेन कमी होतं, पेशींची वाढ मंदावते आणि अडकून पडलेलं अपॉप्टोसिस थोडं परत सुरू होतं. गोळी बंद केली की उरलेल्या पेशी पुन्हा डोकं वर काढू शकतात, म्हणून रोज रात्री नऊला मोबाइलचा गजर वाजतो आणि त्याच्या आधी मावशीच स्वयंपाकघरातून ओरडते, गोळी घेतलीस का गं?