रेडफर्नची बदनामी कुठून आली?

सिडनीत भाड्याने घर शोधायला लागलं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘रेडफर्नला नको, तिथे वातावरण चांगलं नाही.’ सांगणारा स्वतः तिथे क्वचितच राहिलेला असतो.

रेडफर्न हा सिडनीचा एक ‘सबर्ब’. आधी या शब्दाचा घोळ मिटवू. ऑस्ट्रेलियात ‘सबर्ब’ म्हणजे शहरातली कोणतीही वस्ती. आपल्या ‘उपनगरा’तलं लांबचं अंतर त्यात नाही. रेडफर्न शहराच्या मुख्य सेंट्रल स्टेशनच्या अगदी जवळ आहे. ही मुळात गाडिगल या आदिवासी लोकांची भूमी. नाव मात्र विल्यम रेडफर्न या डॉक्टरचं. १७९७च्या ब्रिटिश नौदलातल्या बंडात फाशीची शिक्षा झालेला, ती माफ होऊन १८०१ साली कैदी म्हणून सिडनीत आलेला हा माणूस. १८१७ साली त्याला इथे १०० एकर जमीन मिळाली. आजच्या ‘डेंजर’ वस्तीचं नाव एका शिक्षा झालेल्या कैद्यावरून पडलेलं आहे, हा योगायोग गमतीचाच.

वस्ती घडवली ती रेल्वेने. १८८७ साली एव्हलीचे रेल्वे कारखाने सुरू झाले आणि आजूबाजूला कामगारांची भिंतीला भिंत लागलेली, चिंचोळी घरं उभी राहिली. लेबनीज व्यापारीही इथे स्थिरावले. गावाकडून कामाच्या शोधात आलेल्या आदिवासी (ॲबोरिजिनल) कुटुंबांना रेल्वेत काम मिळे आणि स्वस्त भाड्याची खोलीही. १९६०च्या दशकात त्यांची संख्या वाढली, तसा पोलिसांचा पहाराही वाढला. रात्री पबबाहेर उभं राहणंसुद्धा अटकेला पुरे होई. त्यातूनच १९७० साली मोफत वकील देणारी ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिस उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस. दोन्हींची सुरुवात रेडफर्नमध्येच. ‘असुरक्षित’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वस्तीने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी काय केलं, हे सांगताना या संस्थांचा उल्लेख सहसा कुणी करत नाही.

१९७३ साली पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारच्या अनुदानातून ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनीने आदिवासी कुटुंबांसाठी रेडफर्न स्टेशनजवळची घरं विकत घ्यायला सुरुवात केली. या घरांच्या पट्ट्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. सुरुवातीची उमेद टिकली नाही. १९८९च्या सुमारास कारखाने बंद झाले, रोजगार गेला, मग हेरॉइन आलं. चोऱ्या, लूटमार हे सगळं खरं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची सर्वांत जास्त झळ बसली ती ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांनाच. १० डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी आदिवासींवर झालेल्या अन्यायाची जाहीर कबुली दिली, तीही याच रेडफर्नच्या पार्कात.

बाहेरच्यांच्या मनात मात्र २००४ची रात्र पक्की बसली. फेब्रुवारीत १७ वर्षांचा एक आदिवासी मुलगा सायकलवरून कुंपणाच्या गजांवर पडून मरण पावला. पोलीस त्याचा पाठलाग करत होते, असं कुटुंबाचं म्हणणं. चौकशीत पोलिसांना दोषी धरलं नाही. घरच्यांनी तो निष्कर्ष कधीच मानला नाही. त्याच्या मृत्यूनंतर दंगल पेटली, रेडफर्न स्टेशनला आग लागली, कितीतरी पोलीस जखमी झाले. टीव्हीवर दिसलेली ती एक रात्र पुढे वर्षानुवर्षं पत्त्याला चिकटून राहिली.

नंतरचा बदल झपाट्याचा. सरकारने पुनर्विकासासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. रेल्वेच्या जुन्या शेडमध्ये २००७ साली कॅरेजवर्क्स हे कलाकेंद्र सुरू झालं. ब्लॉकमधली जुनी घरं पाडली गेली. तिथे आता विद्यार्थ्यांसाठी उंच इमारत आणि आदिवासी कुटुंबांसाठी परवडणारी घरं आहेत. शेजारच्या वॉटर्लूत २०२४ साली मेट्रो आली. भाडी इतकी चढली, की ज्यांच्या नावाने वस्ती बदनाम होती त्यांतल्या अनेकांना आता तिथे राहणं परवडत नाही.

न्यू साउथ वेल्सच्या गुन्हे सांख्यिकी विभागाचे आकडे वस्तीनिहाय मोफत पाहता येतात. ते वाचताना एक खोच लक्षात ठेवावी: दर काढतात तो रहिवाशांच्या संख्येवर, पण मोठ्या स्टेशनाजवळ, पबच्या रस्त्यावर दिवसभरात वावरणारे लोक त्यात मोजलेले नसतात. त्यामुळे अशा वस्तीचा दर फुगून दिसतो. एकूण आकड्यापेक्षा गुन्ह्याचा प्रकार पाहावा, नकाशावर आपली गल्ली पाहावी, आणि घर बघायला एकदा रात्री नऊनंतर स्टेशनपासून चालत जावं.