स्विच होणारा मायक्रोवेव्ह फिल्टर

हवी तेव्हा ठरावीक वारंवारता अडवणारा आणि एरवी वाट मोकळी ठेवणारा फिल्टर. दोन फिल्टर आणि त्यांतून निवडणारे स्विच लावण्यापेक्षा रेझोनेटरच (ठरावीक वारंवारतेला अनुनादणारा भाग) जोडला-तोडला तर बोर्डावरची जागा वाचते. मात्र मग स्विच हा फिल्टरचाच भाग होतो, आणि आराखडे बहुधा तिथेच फसतात.

सर्वांत सोपी रचना म्हणजे ५० ओमच्या मायक्रोस्ट्रिपला (बोर्डावर छापलेल्या, खाली ग्राउंड असलेल्या ट्रॅकला) पिन डायोडमार्फत, म्हणजे डीसी प्रवाहाने चालू-बंद होणाऱ्या स्विचमार्फत, जोडलेला, टोकाला उघडा, पाव तरंगलांबीचा स्टब, म्हणजे ट्रॅकचा आखूड फाटा. १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीच्या) बोर्डावर ट्रॅक सुमारे ३ मिमी रुंद येतो, २.४ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण १७ मिमी भरते. पण तेवढाच स्टब छापला तर नॉच, म्हणजे अडवली जाणारी वारंवारता, खाली सरकतो. डायोडच्या वेष्टनाचे ०.६ नॅनोहेन्रीचे प्रेरकत्व इथे ९ ओमचा अडथळा बनते, शिवाय उघड्या टोकापाशी क्षेत्र बाहेर सांडते. साडेचौदा मिमीच्या आसपास थांबावे लागते.

५ व्होल्टवरून ३९० ओममधून डायोडला सुमारे १० मिलिअँपिअर मिळतात. त्याचा रोध १ ओम धरला तर नॉच २८ डेसिबल खोल यायला हवा. एफआर-४ मधला ऊर्जाक्षय जवळजवळ आणखी एक ओम घालतो आणि हाती २३ च्या आसपास उरतात. डायोड बंद असताना त्याची ०.१७ पिकोफॅरड धारिता राहतेच, त्यामुळे नॉच नाहीसा न होता ४ ते ५ गिगाहर्ट्झच्या दरम्यान जाऊन बसतो. त्याच वाटेने ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय न्यायचे असेल तर हे आधीच तपासलेले बरे.

बायसचा, म्हणजे डायोडला डीसी प्रवाह पोहोचवणारा, चोक (डीसी जाऊ देणारी, पण मायक्रोवेव्ह अडवणारी गुंडाळी) स्टबच्या डायोडकडील टोकाला जोडावा. नॉचच्या वारंवारतेला तिथे व्होल्टेज सर्वांत कमी असते. आखायला सोयीचे म्हणून तो उघड्या टोकाला लावला की नॉच हलतो. मुख्य ट्रॅकला डीसी परतीसाठी दुसरा चोक आणि दोन्ही बाजूंना डीसी अडवणारे १० पिकोफॅरडचे कपॅसिटर लागतात. परतीची वाट विसरली तर डायोड चालूच होत नाही.

नवी मुंबईतल्या महापे-रबाळेच्या एमआयडीसी पट्ट्यात, खाडीच्या दमट हवेत, एफआर-४ पावसाळ्यात ओल धरतो. परिणामी परावैद्युतांक (बोर्डातली तरंगलांबी ठरवणारा गुणधर्म) २ टक्के वाढला तरी नॉच सुमारे २२ मेगाहर्ट्झ खाली येतो. ओल्या बोर्डावर स्टबचे टोक ब्लेडने कापून जुळवले, तर एसीच्या खोलीत बोर्ड सुकल्यावर नॉच वर निघून जातो, आणि कापलेले तांबे काही परत लावता येत नाही. म्हणून बोर्ड आधी ओव्हनमध्ये १०५ अंशांवर काही तास सुकवावा, स्टब १ मिमी लांब ठेवून छापावा आणि डायोड चालू ठेवूनच थोडाथोडा छाटावा.