राष्ट्रपतींच्या नावाने निवेदन: ही पद्धत आली कुठून?

सोलापुरात पूनम गेटसमोरचे धरणे उठले की शिष्टमंडळ जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. हातातल्या कागदावर असते, ‘प्रति, मा. राष्ट्रपती, नवी दिल्ली. मार्फत : मा. जिल्हाधिकारी, सोलापूर’. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का पडतो, फोटो निघतो, मंडळी पांगतात. या कागदाचा साचा एका काळात तयार झालेला नाही.

पेशवाईत वरिष्ठाला लिहायची ती ‘विज्ञापना’, बरोबरीच्याला ‘विनंती’. कोणाला कोणता मायना, हे कारकुनांना मेस्तकांतून, म्हणजे लेखनपद्धतीच्या पोथ्यांतून, शिकवले जाई. मायना चुकला तर तो अपमान समजला जाई, त्यामुळे अर्धा मजकूर मानमरातबातच खर्ची पडे. १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला कंपनीच्या ताब्यात गेला आणि अर्जाचे वळण बदलले: आधी हुद्दा, मग विषय, मग मागणी. अर्ज खालच्या कचेरीतून पायरी-पायरीने वर चढावा, हा शिरस्ता इंग्रजी अमलात पक्का झाला. आजचे ‘मार्फत’ त्याच वळणाचे. शेवटचा ‘आज्ञाधारक’ही त्याच काळातला. शाळेच्या रजेच्या अर्जात तो अजून तग धरून आहे, राष्ट्रपतींच्या पत्रात त्याची गरज नाही.

सत्ताधीशाला पत्र कसे लिहावे, याचा नमुना पाहायचा तर गांधीजींचे २ मार्च १९३० चे पत्र पाहावे. इंग्लंडच्या राजाचा प्रतिनिधी असलेल्या व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेल्या या पत्राचा मायना फक्त ‘प्रिय मित्र’ होता. मजकूर मात्र आकड्यांचा होता. तुमचा पगार महिना २१,००० रुपयांहून जास्त, म्हणजे दिवसाला ७०० रुपयांच्या वर. हिंदुस्थानी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. मागण्या मान्य झाल्या नाहीत तर मिठाचा कायदा मोडणार, हेही त्यात स्पष्ट होते. उत्तर सचिवाकडून आले, तेही चार ओळींचे. पुढे दांडी यात्रा झाली, ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटले आणि १२ मे रोजी इथे मार्शल लॉ लागला. याच प्रकरणात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

२६ जानेवारी १९५० नंतर पत्राचा धनी बदलला आणि त्याची चालही. अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने हे शब्दांत बांधून टाकले. त्यामुळे काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याबद्दल थेट राष्ट्रपती भवनाला लिहिले, तर ते पत्र राज्य शासनाकडे आणि तिथून फिरून महापालिकेकडेच येणार. दयेचा अर्ज अनुच्छेद ७२ खाली खरोखर राष्ट्रपतींचा विषय आहे, पण तोही आधी गृह मंत्रालयातून जातो.

अनेकांना माहीत नसलेली तरतूद अनुच्छेद ३५० ची आहे. गाऱ्हाणे मांडताना संघात किंवा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा चालते, म्हणजे मराठीत लिहिलेले निवेदन भाषेच्या कारणावरून फेटाळता येत नाही. तरी विषयाची ओळ हिंदी किंवा इंग्रजीतही द्यावी. दिल्लीच्या टेबलावर कागद योग्य खात्याकडे लवकर सरकतो.

‘महामहिम’ आता नको. प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना, ऑक्टोबर २०१२ मध्ये, देशांतर्गत वापरातून हे संबोधन काढले गेले. ‘माननीय राष्ट्रपती महोदय’ किंवा ‘महोदया’ पुरेसे आहे. पत्ता: राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली ११०००४. (पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासूनची, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ.)

मजकूर एका पानात बसवावा आणि विषय एकच घ्यावा. पाणी, विमानसेवा आणि पेन्शन एकाच कागदावर आले, तर तीन खात्यांपैकी कोणीही ते आपले मानत नाही. तारीख, पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल, सही आणि आधीच्या अर्जांचे आवक क्रमांक हवेतच. सोबत झेरॉक्स जोडावी. मूळ सातबारा किंवा निकालाची अस्सल प्रत पाठवली तर ती परत मिळेल याची खात्री नाही. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणात दाद मागू नये. केंद्राच्या तक्रार पोर्टलवरही असे विषय घेतले जात नाहीत. छापील पोस्टकार्डांच्या मोहिमा वातावरण तापवायला बऱ्या, एखाद्याचे अडलेले काम त्यातून सहसा हलत नाही.

पोच मात्र सोडू नये. स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवावी, आवक शिक्का तारखेसह घ्यावा. उत्तर आलेच नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली राष्ट्रपती सचिवालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. मुदत ३० दिवसांची. ‘कारवाई का झाली नाही?’ असे विचारले तर ‘ही माहिती नव्हे’ असे उत्तर येऊ शकते. ‘अमुक तारखेचे पत्र कोणत्या खात्याकडे, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवले?’ असे विचारावे आणि मिळालेला क्रमांक घेऊन त्या खात्याकडे पाठपुरावा करावा.