१५० मायक्रोफॅरडचं ओझं

पंखा रेंगाळायला लागला की इलेक्ट्रिशियन म्हणतो, "कंडेन्सर गेलाय," आणि दहा मिनिटांत नवा बसवून जातो. जुन्या स्पीकरचा आवाज मंद झाला की प्रकरण इतकं सरळ राहत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पेटीतला कंडेन्सर बदलायचा का, आणि बदलायचा तर कुठला घालायचा, यावर शौकीन मंडळी हमरीतुमरीवर येतात. हा वाद कळायला तो कंडेन्सर मुळात पेटीत आला कसा, ते बघावं लागतं.

डग्ग्याचा घुमारा आणि झांजेचा छणकार स्पीकरच्या एकाच थरथरत्या पडद्याकडून नीट निघत नाही. म्हणून काम वाटून द्यायचं. तारेची कॉइल खर्ज वूफरकडे जाऊ देते, कंडेन्सर बारीक आवाज ट्वीटरकडे सोडतो, आणि ही वाटणी करणारा तो क्रॉसओव्हर. हे तंत्र पक्कं झालं ते अमेरिकेत बोलपट आल्यावर. १९३०च्या दशकाच्या मध्यावर एमजीएम स्टुडिओत डग्लस शिअरर यांच्या चमूने केलेला शिअरर हॉर्न आणि १९४५चा आल्टेकचा 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही त्यातली मोठी नावं. पण ते सिनेमाच्या पडद्यामागे उभं राहणारं धूड. तिथे जागेची ददात नव्हती.

घराचा प्रश्न एडगर विल्चर यांनी सोडवला. १९५४ साली त्यांनी आणि हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये अकूस्टिक रिसर्च, म्हणजे एआर, ही कंपनी काढली. विल्चर यांची युक्ती अशी की पेटी हवाबंद करायची आणि आत कोंडलेल्या हवेलाच वूफरची स्प्रिंग करायची. कपाटाएवढ्या पेटीतून यायचा तो खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या खोक्यातून येऊ लागला. पुढे एआर-३मध्ये त्यांनी घुमटाच्या आकाराचे छोटे पडदे, म्हणजे डोम, आणले, आणि १९६७मध्ये एआर-३ए आला. १२ इंची वूफर, मधल्या सुरांसाठी दीड इंची डोम, वर पाऊण इंची ट्वीटर. वाटणी ५७५ आणि ५००० हर्ट्झवर.

सगळी गोम त्या ५७५मध्ये आहे. वाटणीची रेषा जितकी खाली आणि स्पीकरचे ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, जितके कमी, तितका कंडेन्सर मोठा लागतो. एआर-३ए चार ओहमचा. मायक्रोफॅरड हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप. त्याच्या ट्वीटरला ६ मायक्रोफॅरडवर भागलं, मधल्या डोमला ५० लागले, आणि वूफरकडे चुकून येणारे वरचे सूर बाजूला वळवायला १५०. प्लास्टिक फिल्मचा १५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तेव्हा करायचा म्हटला तर पेटीत जागा आणि खिशात पैसे, दोन्ही उरले नसते. म्हणून आला नॉन-पोलर, म्हणजे उलटसुलट कसाही जोडता येणारा, इलेक्ट्रोलिटिक. ऑक्साइडचा थर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये रसायनात भिजवलेला कागद, सगळं गुंडाळून डबीत बंद. काही जोड्यांत हा ऐवज मेणात बुडवलेल्या पुठ्ठ्याच्या डबीत मिळतो. आकाराने लहान, किमतीला स्वस्त, आणि वर्षानुवर्षं हळूहळू सुकत जाणारा.

सुकला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. आठ ओहमच्या ट्वीटरपुढे दोन ओहमचा जादा रोध आला तरी जवळपास २ डेसिबल आवाज गळतो. हे एका रात्रीत होत नाही, त्यामुळे रोज ऐकणाऱ्या कानाला पत्ताच लागत नाही.

१९८० साली 'ऑडिओ' या अमेरिकन मासिकात वॉल्टर जंग आणि रिचर्ड मार्श यांनी कंडेन्सरच्या प्रकारांची चिरफाड केली. इलेक्ट्रोलिटिकचे दोष आणि पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिक फिल्मचे गुण त्यांनी मांडले, आणि कंडेन्सर ही शौकिनांनी निवडून घ्यायची वस्तू झाली. पुढे तर सोनेरी अक्षरांचे कंडेन्सर दागिन्यांच्या भावाने विकले जाऊ लागले. गंमत अशी की आपल्या छताच्या पंख्यातला अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सरही पॉलिप्रोपिलीनचाच असतो.

पण जुन्या डिझायनरने स्पीकर जुळवला तो त्याच इलेक्ट्रोलिटिकसकट. त्याचा थोडाफार रोध हिशेबात धरलेलाच होता. तिथे जवळजवळ शून्य रोधाचा फिल्म कंडेन्सर घातला की ट्वीटर मूळ आवाजापेक्षा पुढे येतो. पहिले आठ दिवस 'काय स्पष्ट वाजतंय' म्हणायचं, नवव्या दिवशी कान किटतात. म्हणून जाणकार सोबत ओहमच्या काही अंशाचा रेझिस्टर जोडतात. माझ्या मते हा दहा-वीस रुपयांचा रेझिस्टर त्या सोनेरी अक्षरांपेक्षा मोलाचा आहे.

बीबीसीचा एलएस३/५ए इथे आठवतो. ओबी व्हॅनसाठी, म्हणजे बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीसाठी, केलेला हा छोटा मॉनिटर स्पीकर १५ ओहमचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यातल्या केईएफ कंपनीच्या ड्रायव्हरची, म्हणजे पेटीतल्या सुट्या स्पीकरची, घडण बदलली, तेव्हा एखादा सुटा भाग बदलून भागवलं नाही. अख्खा क्रॉसओव्हर नव्याने आखला आणि स्पीकर ११ ओहमचा झाला.

शिवाय दोष नेहमी कंडेन्सरचा नसतो. त्या काळच्या बऱ्याच पेट्यांना मागे मध्यम आणि तार सुरांसाठी फिरवायचे कंट्रोल असत. त्यांच्या आतल्या धातूवर गंज चढला की ट्वीटर मुका होतो, आणि माणूस बिचारा नवा ट्वीटर शोधत फिरतो.

माझ्याकडची जोडी साधी, सत्तरच्या दशकातली, देशी. क्रॉसओव्हर म्हणावं असं आत काही नव्हतंच. ट्वीटरच्या तारेत अडकवलेला २.२ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, बस्स. मीटरवर त्याने २.९ दाखवले. मी नवा फिल्मचा घातला, सोबत एक ओहमचा रेझिस्टर. जुना फेकलेला नाही. नव्याचा आवाज कधी टोचायला लागलाच, तर त्याचा रोध मोजायला हाताशी असावा म्हणून काडेपेटीत ठेवलाय.