टांकसाळ विमान कंपनीची

मुंबईहून न्यूयॉर्कला बिझनेस क्लासने जाऊन यायचं तर तिकिटाला काही लाख रुपये मोजावे लागतात. शेजारच्या आसनावरच्या माणसाने मात्र फक्त कर भरलाय आणि बाकी सगळं ‘माइल्स’वर, म्हणजे विमान कंपनीकडून बक्षीस मिळालेल्या गुणांवर, भागवलंय असं कळलं, की आधी हेवा वाटतो आणि मग शंका येते. विमान कंपनी म्हणजे काही अन्नछत्र नव्हे. मग याच्या तिकिटाचे पैसे भरले कोणी?

हे कोडं सोडवायला थोडं मागे जावं लागतं. गिऱ्हाइकाने पुन्हा आपल्याच दुकानात यावं म्हणून काहीतरी हातावर ठेवायची युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी १८९६ मध्ये तिचा स्वतंत्र धंदा केला. दुकानदार त्यांच्याकडून हिरवी तिकिटं विकत घ्यायचा, सामानासोबत गिऱ्हाइकाला द्यायचा, गिऱ्हाईक ती वहीत चिकटवायचं आणि वह्या भरल्या की टोस्टर किंवा भांडी घेऊन यायचं. यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिकिटं छापणारा वेगळा, त्यांचे पैसे देणारा दुकानदार वेगळा आणि मिरवणारं गिऱ्हाईक वेगळं. आजचा माइल्सचा व्यवहार जवळपास याच साच्यातला आहे, फक्त टोस्टरच्या जागी आडवं पडून झोपता येईल असं आसन आलं.

विमानात ही कल्पना शिरली ती एका कायद्यामुळे. १९३८ पासून अमेरिकेत कोणत्या मार्गावर कोणी उडायचं आणि भाडं किती घ्यायचं हे सरकारी मंडळ ठरवत असे. भाडं सारखंच, म्हणून कंपन्यांची चढाओढ जेवणावर आणि थाटावर चाले. अमेरिकन एअरलाइन्सने तर सत्तरच्या दशकात जम्बो विमानात पियानो बसवला होता. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी हे नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि पियानोचे दिवस संपले. स्वस्तात उडवणाऱ्या नव्या कंपन्या आल्या. जुन्या कंपन्यांपुढे प्रश्न पडला की भाड्यात टक्कर देता येत नसेल, तर महिन्यातून चारदा उडणारा धंदेवाईक प्रवासी धरून ठेवायचा कसा? त्याचं तिकीट त्याचं ऑफिस काढतं, त्यामुळे भाडं कमी केलं तरी त्याला त्याचं सोयरसुतक नाही. त्याच्या स्वतःच्या खिशात पडेल असं काहीतरी हवं होतं.

टेक्सास इंटरनॅशनलसारख्या छोट्या कंपन्यांनी आधी थोडं करून पाहिलं होतं. पण १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हांटेज’ ही उड्डाणामागे माइल्स देणारी योजना सुरू केली आणि खेळ बदलला. कंपनीचे अध्यक्ष रॉबर्ट क्रँडल यांच्या हाताशी ‘सेबर’ नावाची संगणकीय आरक्षण यंत्रणा होती. तिच्यात पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर शोधून नेहमीचे प्रवासी हुडकले गेले. आठवडाही उलटला नाही तोच युनायटेडने आपली योजना आणली. डेल्टा आणि टीडब्ल्यूए त्याच वर्षी मागोमाग आल्या.

विमानाचं दार बंद झालं की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. बाजार उठल्यावर उरलेल्या कोथिंबिरीच्या जुडीसारखी. तेच आसन बक्षीस म्हणून दिलं तर कंपनीला खर्च जेवणाचा आणि थोड्या इंधनाचा, पण घेणाऱ्याला ते हजारो डॉलरचं. देणाऱ्याला पडणारी किंमत आणि घेणाऱ्याला वाटणारं मोल यांतली ही दरी म्हणजे या सगळ्या प्रकरणाचं भांडवल. पहिल्या वर्गात ती सर्वांत रुंद असते. म्हणूनच माइल्सवर ऐषारामी प्रवास परवडतो आणि साध्या वर्गाचं तिकीट काढायला ते वापरणं बहुतेक वेळा आतबट्ट्याचं ठरतं.

सुरुवातीला माइल्स मिळायचे ते उडाल्यावरच. १९८७ मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्ससोबत क्रेडिट कार्ड काढलं, आणि किराणा घेतला तरी मैल जमू लागले. माझ्या मते १९८१ पेक्षा हे वर्ष मोठं. इथे विमान कंपनी बक्षीस देणारी राहिली नाही, ती विकणारी झाली. बँक माइल्स रोख पैसे देऊन घाऊक विकत घेते, कार्डधारकाला वाटते आणि दुकानदाराकडून दर खरेदीमागे कापल्या जाणाऱ्या शुल्कातून वसूल करते. हिरवी तिकिटं परत आली. १९९१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने स्वतःचेच गुण काढले, हवे तेव्हा हव्या त्या कंपनीच्या माइल्समध्ये बदलता येतील असे. १९९७ मध्ये लुफ्तान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, थाई आणि एसएएस या पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स बांधली, तेव्हा एकीचे मैल दुसरीच्या विमानात चालू लागले.

एवढी नाणी, एवढे विनिमय दर म्हटल्यावर सराफ आलेच. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना रुपये बाजारात फिरत आणि एक देऊन दुसरा घेताना सराफ बट्टा कापून घेई. आज बँकेचे पाच गुण देऊन विमान कंपनीचे चार मैल घेणारा माणूस तेच करतो. फरक एवढाच की बट्टा किती हे आता टांकसाळवालाच ठरवतो, आणि वाटेल तेव्हा बदलतो.

या फटींत हात घालून घबाड काढणारेही निघाले. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स या अभियंत्याने एका खाद्यपदार्थ कंपनीची जाहिरात वाचली: दहा वेष्टनांवरच्या बारकोडमागे ५०० मैल, आणि लवकर पाठवल्यास दुप्पट. त्या कंपनीचं सर्वांत स्वस्त उत्पादन होतं २५ सेंटचं पुडिंग. त्याने १२,१५० कप घेतले. खर्च आला सुमारे ३,१०० डॉलर. लेबलं सोलायला माणसं कुठून आणायची? त्याने पुडिंग साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेला दान केलं, त्यांच्या स्वयंसेवकांनी लेबलं काढून दिली, दानाबद्दल करसवलत मिळाली ती वेगळीच. जमा झाले साडेबारा लाख मैल. पुढे २००८ मध्ये अमेरिकी सरकारी टांकसाळीने एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून ती छापील किमतीत, टपालखर्च न घेता घरपोच द्यायला सुरुवात केली, तीही क्रेडिट कार्डावर. लोकांनी हजारो डॉलरची नाणी मागवली, पेटी न फोडता बँकेत भरली, कार्डाचं बिल चुकतं केलं. मैल उरले. २०११ मध्ये टांकसाळीने कार्ड घेणं बंद केलं.

अशा सुरस कथांमुळे या छंदाला चतुराईचं वलय आलं. पण फुकटची चटक कुठवर नेते तेही दिसलं. जर्मनीत २००२ च्या उन्हाळ्यात खासदारांनी सरकारी दौऱ्यांवर जमलेले लुफ्तान्साचे मैल खासगी सहलींना वापरल्याचं उघड झालं. ग्रेगोर गीझी यांना बर्लिनचं मंत्रिपद सोडावं लागलं, ग्रीन पक्षाचे चेम ओझदेमिर यांनीही पदं सोडली. ऑफिसच्या पैशाने मिळालेलं बक्षीस कोणाचं हा प्रश्न त्या योजनेच्या जन्मापासूनचाच होता. मुळात तो गोंधळ हीच तर क्रँडल यांची युक्ती होती.

आता त्या १९७८ च्या कायद्याकडे परत येऊ, कारण त्याने दोनदा काम केलं. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने बक्षीस आसनांच्या संख्येवर मर्यादा घातल्या, काही तारखा वगळल्या आणि हे नियम आधीच जमलेल्या मैलांनाही लावले. सदस्य कोर्टात गेले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९७८ चा कायदा विमानसेवांच्या दरांत आणि सेवांत राज्यांना हस्तक्षेप करू देत नाही. त्यामुळे राज्याच्या ग्राहक-फसवणूक कायद्याखाली दावा चालणार नाही, करारभंगाचा मात्र चालेल. आणि करार काय म्हणतो? कंपनी हवे तेव्हा नियम बदलू शकते, असं. २०१४ मध्ये आणखी एक दार बंद झालं. साधारण सात महिन्यांत चोवीस तक्रारी केल्या म्हणून नॉर्थवेस्ट या विमान कंपनीने एका रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, वरच्या श्रेणीचं सदस्यत्व काढून घेतलं होतं. कंपनीने सद्भावनेने वागायला हवं होतं, हा त्यांचा युक्तिवादही त्याच कायद्यावर आपटला. ज्या कायद्यामुळे मैल जन्माला आले, त्यानेच मैल छापणाऱ्याला कवच दिलं.

त्या कवचाखाली छापखाना जोरात चालला. न वापरलेल्या मैलांचं एकूण मोल जगात फिरणाऱ्या सगळ्या डॉलर नोटांहून जास्त असल्याचा हिशेब २००५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ने मांडला. खरं रूप दिसलं ते करोनात. विमानं जमिनीवर उभी असताना २०२० मध्ये युनायटेडने कर्जासाठी गहाण टाकलं ते आपलं ‘माइलेजप्लस’, म्हणजे माइल्सची योजनाच. त्याचं मूल्य कंपनीने सांगितलं जवळपास २२ अब्ज डॉलर. तेव्हा शेअर बाजारात अख्ख्या युनायटेडची किंमत त्याहून बरीच कमी होती. म्हणजे विमानं, वैमानिक, मार्ग सगळं धरूनही घर शून्याखाली, आणि तिजोरी मात्र भरलेली. डेल्टाने ९ अब्ज, अमेरिकनने २०२१ मध्ये १० अब्ज असेच उभे केले. डेल्टाला २०२४ मध्ये एकट्या अमेरिकन एक्स्प्रेसकडून ७ अब्ज डॉलरहून अधिक मिळाले.

हे अब्जावधी शेवटी कोणाच्या खिशातून? दुकानदार कार्डाचं शुल्क मालाच्या किमतीत मिसळतो, आणि किंमत रोखीने घेणाऱ्यालाही तीच. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये हिशेब काढला, तो असा: रोखीने व्यवहार करणारं सरासरी अमेरिकी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना नकळत देतं आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. त्यात बिल थकवून चढं व्याज भरणाऱ्यांची भर घाला. शेजारच्या आसनाचे पैसे भरले कोणी, त्याचं उत्तर हे. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावरच्या बँकांमधल्या शुल्काला ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. तिथल्या कार्डांवरची बक्षिसं अमेरिकेच्या मानाने किरकोळ असण्याचं एक मोठं कारण तेच.

टांकसाळी हाताशी असल्यावर नाण्यातली चांदी कमी होणार हे ओघानेच आलं. पूर्वी तक्ता छापलेला असे, अमुक खंडाला अमुक मैल. डेल्टाने तो २०१५ मध्ये काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. आता दर मागणीप्रमाणे हलतो. मैल मिळतातही ते अंतरावर नव्हे, तिकिटाच्या पैशांवर. नाव तेवढं ‘माइल’ राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांकडून या योजनांची माहिती मागवली.

आपल्याकडे हे सारं उशिरा आलं, आणि आलं तेव्हा कंपन्याच बुडत होत्या. किंगफिशरचं विमान २०१२ च्या ऑक्टोबरात थांबलं आणि ‘किंग क्लब’चे गुण मातीमोल झाले. मुंबईच्या जेट एअरवेजची गोष्ट उलटी. तिने आपली ‘जेटप्रिव्हिलेज’ योजना वेगळ्या कंपनीत काढून ठेवली होती आणि २०१४ मध्ये अबुधाबीच्या एतिहाद या विमान कंपनीने तिचा ५०.१ टक्के हिस्सा १५ कोटी डॉलरला घेतला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं. विमान कंपनी गेली, योजना ‘इंटरमाइल्स’ असं नाव घेऊन मागे राहिली. बाप गेला आणि मुलाने दुकान चालू ठेवलं, तसं.

भारतातल्या छंदिष्टांचा सुवर्णकाळ कार्डांवर आला आणि तो फार टिकला नाही. ॲक्सिस बँकेचं ‘मॅग्नस’ हे त्याचं उत्तम उदाहरण. २०० रुपयांमागे १२ गुण, शिवाय महिन्यात लाखाचा खर्च केला की २५,००० गुण वर. म्हणजे लाखामागे ३१,००० गुण, आणि पाचाला चार या दराने २४,८०० मैल. वर्षभर हे केलं की जवळपास तीन लाख मैल, एवढ्यात अनेक योजनांमध्ये युरोपची बिझनेस क्लासची वारी निघे. मग लाखाचा खर्च दाखवण्यासाठी घरभाडं कार्डावर भरणं, गिफ्ट व्हाउचर घेऊन ठेवणं, मित्रांची बिलं आपल्या कार्डावर फेडणं हे सगळं आलं. बँकांनी २०२२ पासून भाड्यावर एक टक्का शुल्क लावायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२३ पासून मॅग्नसचे ते २५,००० गुण गेले आणि दर पाचाला दोन झाला. ज्यांनी ‘नंतर कधीतरी एकदम मोठी ट्रिप’ म्हणून साठवून ठेवले होते, त्यांची साठवण निम्म्यावर आली. पैसा साठवला तर व्याज मिळतं, हे नाणं मात्र पडून राहिलं की झिजतं.

परदेशातल्या मराठी घरांत याचा एक वापर ठरून गेलेला आहे. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारी मुलगी नवं कार्ड घेते, पहिल्या तीन महिन्यांत ठरलेला खर्च करून एकरकमी बोनस मिळवते, आणि गुडघेदुखीच्या आईबाबांना पुण्यामुंबईहून बिझनेस क्लासने आणते. आईला तिकिटाची खरी किंमत सांगितलेली नसते. सांगितली तर ती म्हणेल, एवढ्यात दारातल्या पोर्चचं काम झालं असतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. ‘क्लब विस्तारा’चे सदस्य एअर इंडियाच्या योजनेत आले, तिचं ‘फ्लाइंग रिटर्न्स’ हे नाव जाऊन ‘महाराजा क्लब’ झालं, आणि त्यांच्या गुणांना स्टार अलायन्सचं दार उघडलं. इंडिगोने २००६ पासून स्वस्त तिकीट आणि वेळेवर उड्डाण हेच पुरेसं मानलं होतं, गुणांचं काय ते कार्डधारकांपुरतं. तिनेही २०२४ मध्येच सर्व प्रवाशांसाठी ‘ब्लूचिप’ ही योजना काढली.